तीन पिंजऱ्यांतून नाहीसे झालेले जंतू

१

माझ्या सुनेची एक खोड मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून खटकते. बोलायची वेळ आली की ही तोंड मिटते. अशा बाईला लोक सोशिक म्हणतात, मी आखडू म्हणते. घरात काही सांडो, फुटो, हरवो, हिचं उत्तर एकच, मान खाली. बारा वर्षं मी एकटीच भांडते आहे. समोरून काही येतच नाही, मग भांडणाला चव कशी लागणार?

पण त्या सोमवारी तिने हद्द केली. प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला चारचौघांत खोटारडी म्हटलं आणि ही बाई हातमोज्याची बोटं ओढत उभी राहिली.

आमच्या घरातल्या तिघांचं पोट एकाच इमारतीवर आहे. वर डॉक्टर लोकांच्या खोल्या, खाली उंदीरघर. मी धुलाईखोलीत. पिंजरे, बाटल्या, झाकणं, सगळं माझ्या हाताखालून जातं. सत्तावीस वर्षं झाली. मला इथे 'मोठ्या बाई' म्हणतात, आणि ते वयामुळे नव्हे. माझा मुलगा उंदरांचं खाणंपिणं बघतो. त्याला मीच चिकटवला, माझ्या शब्दावर. सून शिकलेली, ती उंदरांना टोचते आणि त्यांचं रक्त तपासते.

टोचतात ते असं. डॉक्टर लोक उंदराच्या रक्तात एक जंतू सोडतात. ऐकून दचकू नका, मीही दचकले होते. हा जंतू स्वभावाने भला आहे. उंदीर आठ-दहा दिवस जरा मलूल होतो, रक्तात जंतूंची दाटी होते, मग ती आपोआप ओसरते आणि उंदीर पुन्हा टुणटुणीत. याच जंतूचा एक भाऊबंद मात्र जीव घेतो. भल्याला नीट पाहिलं तर दुष्टाचं गुपित कळेल, म्हणून हा सगळा खटाटोप.

तर सुनेने सहा पिंजऱ्यांतल्या तीस उंदरांना एकाच दिवशी टोचलं होतं. रोज सकाळी शेपटीच्या टोकाचा एक थेंब काचेवर घ्यायचा, रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली जंतू मोजायचे. नवव्या दिवशी एक, दोन, तीन या पिंजऱ्यांत जंतूंची नुसती गर्दी. चार, पाच, सहामध्ये औषधालाही जंतू नाही. पंधरा उंदरांच्या रक्तातून जंतू नाहीसे. खरं तर ते तिथे कधी दिसलेच नव्हते.

"दिसतील कसे?" मोठे डॉक्टर म्हणाले. "टोचायच्या दिवशी तू चार वाजता घरी पळालीस. शेवटचे तीन पिंजरे सोडून दिलेस आणि वहीत तीस लिहिलेस."

त्या दिवशी माझी नात तापाने फणफणली होती, तिला घ्यायला ही लवकर गेली होती. खरं होतं ते.

"बोल ना," डॉक्टर म्हणाले.

"मी टोचलं होतं," ती एवढंच म्हणाली. तेही हातमोज्याला सांगितल्यासारखं.

डॉक्टरांनी मग खोलीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. "या नऊ दिवसांत त्या खोलीत कुणी काही बदललं? पाणी, खाणं, औषध, काहीही?"

कुणी बोललं नाही. माझा मुलगा म्हणाला, "नाही साहेब. सगळं नेहमीसारखं."

"मग प्रश्नच मिटला. ते पंधरा उंदीर बाद. बुधवारी सकाळी निकालात काढा. आणि तू," सुनेला म्हणाले, "तोवर त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. बुधवारीच तुझ्या तक्रारीचा कागद वर जाईल."

असला कागद गेला की कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करत नाही, हे मलाही कळतं.

जिन्यात मी तिला गाठलं. "खरं सांग. घाईत तीन पिंजरे राहिले ना? पोर आजारी होती, राहिले असतील. मी समजू शकते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली. मग ती जिना उतरून गेली.

२

मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चालतं. ही बाई घरी मला न विचारता चमचा हलवत नाही, मोजून मापून जगते. तीन पिंजरे सोडून तीस लिहील? मग जिन्यात मी तसं का विचारलं? त्याचं उत्तर मला आवडण्यासारखं नव्हतं, म्हणून ते बाजूला ठेवलं आणि कामाला लागले.

जंतू गेले असतील तर कुणीतरी घालवले असतील. त्या खोलीची किल्ली चौघांकडे. सून, माझा मुलगा, प्राण्यांची डॉक्टरीण, आणि शेजारच्या खोलीत संशोधन करणारा एक पोरगेलासा विद्यार्थी. त्याला मी चष्मेवाला म्हणते. चष्मेवाल्याचं आणि सुनेचं पटत नाही. दोघांनाही तोच मायक्रोस्कोप सकाळी नऊलाच लागतो.

त्याला मी व्हरांड्यात अडवलं.

"मी कशाला जाऊ तिकडे?" तो म्हणाला. "माझे उंदीर कोरे आहेत, एकही जंतू नसलेले, मोठ्या बाई. एकदा त्या खोलीत गेलो की दिवसभर माझ्या खोलीत जाता येत नाही. माझंच काम बसेल."

"मग तुझा जबाब भिंतीपलीकडून दे. काही ऐकलंस?"

"ऐकलं म्हणजे काय, डोकं उठलंय! तुमचे ते उंदीर दिवसभर कुरतडतात. झाकणं, कडा, काय मिळेल ते. कर्रर्र कर्रर्र. आठ दिवस झाले. मी तुमच्या मुलालाही सांगितलं. दिवसातून दोनदा येतो तो हल्ली."

"दोनदा?"

"सकाळ-संध्याकाळ. फार मन लावून करतो काम."

मला बरं वाटलं. आईचं मन, त्याला कुठलंही कौतुक चालतं.

प्राण्यांची डॉक्टरीण तिच्या टेबलाशी बिस्कीट खात होती. ती बाई स्पष्ट बोलते, म्हणून मला आवडते.

"डॉक्टरीणबाई, पाण्यातून औषध गेलं तर जंतू मरतात?"

"मरतात ना. जुलाब थांबवायचं जे औषध मी दुसऱ्या खोलीत देते, तेसुद्धा मारेल."

"मग चुकून या खोलीत गेलं असेल?"

तिने कपाट उघडून डबा माझ्यापुढे आपटला. झाकणावरचं कागदाचं सील तसंच. "या महिन्यात उघडलाच नाही. आणि ते औषध घातलं की पाणी हळदीसारखं पिवळं होतं. बाटलीला डाग राहतो. तुम्हाला दिसला असता."

"माझ्याकडून डाग सुटत नाही," मी म्हणाले.

"मी उंदीरही पाहून आले सकाळी. चार, पाच, सहामधले एकदम झकास. तुकतुकीत अंग, गोल पोट. इमारतीत एवढे छान उंदीर दुसरे नाहीत."

जिना उतरताना मला एकदम आठवलं. डाग दिसला असता, पण बाटली माझ्याकडे आली तर ना! त्या खोलीतून एक दिवसाआड सहा बाटल्या माझ्या हौदात यायच्या. गेल्या आठवड्यात तीनच येत होत्या.

३

मुलगा खाद्याच्या कोठीत होता. समोर मोठे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर खोलीचा क्रमांक. प्रत्येक खोलीच्या खाद्यगोळ्या वेगळ्या. एका खोलीतली गोळी दुसऱ्या खोलीत न्यायची नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम.

"बाटल्यांचं काय रे? तीन कमी का येतात?"

"अगं आई, तुझे गुडघे किती दुखतात! तेवढं ओझं तरी कमी, म्हणून तीन मीच धुतो इथल्या नळावर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. घरी स्वतःचा चहाचा कप न विसळणारा माझा मुलगा माझ्या गुडघ्यांसाठी बाटल्या धुतो! मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघाले. दाराशी सून उभी होती, हातात घरी न्यायची पिशवी. तिने आमचं बोलणं ऐकलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने डब्यांकडे.

"बायको अडचणीत आहे आणि तू डबे काय मोजतोस?" मी म्हणाले. "तिच्याशी दोन शब्द बोल."

त्याने एक डबा सरकवला, ती पिशवी घेऊन निघाली. मला वाटलं, नवराबायकोचं असेल काही.

४

मंगळवारी सकाळी मी घाणीकडे वळले. लोक माझ्या कामाला नाक मुरडतात, पण उंदीर काय करतो ते भुशातच लिहिलेलं असतं, आणि तेवढं मला वाचता येतं.

पिंजऱ्याखालचा जुना भुसा पिशव्यांत भरून, वर पिंजऱ्याचा आकडा घालून, भट्टीत जाईपर्यंत माझ्या मागच्या खोलीत राहतो. हा जंतू रक्तातूनच पसरतो, भुशातून नाही. तरी हातमोजे घातले. सहा पिशव्या सहा कागदांवर ओतल्या.

एक, दोन, तीन. नेहमीसारखा भुसा. त्यात खाद्यगोळ्यांचा चुरा. उंदीर नीट खात नाही, अर्धं खातो, अर्धं पाडतो, लहान पोरासारखं. लेंड्या काळ्या, कडक, तांदळाएवढ्या.

चार, पाच, सहा. बोटांनी भुसा चाळला. पुन्हा चाळला. चुरा नाही. एक कणही नाही. लेंड्या मऊ, फिकट, भुशाला चिकटलेल्या.

मग चष्मेवाल्याची ती कर्रर्र कर्रर्र आठवली. उंदराचे दात वाढतच राहतात, त्यांना रोज काहीतरी कडक लागतं. गोळी असली की तो गोळी फोडतो. नसली की पिंजरा फोडतो.

म्हणजे या पंधरा उंदरांनी आठ दिवसांत एक गोळी खाल्ली नव्हती. आणि तरीही इमारतीत सगळ्यात गुबगुबीत तेच.

मी कागदांच्या मधोमध खाली बसले. दातांशिवाय खाता येईल असं खाणं. भुशात न सांडणारं. पिंजऱ्यात ते शिरणार कुठून? बाटलीतून. कोणत्या बाटल्यांतून? ज्या माझ्या नाकाखाली येऊ दिल्या नाहीत त्यांतून. सकाळ-संध्याकाळ दोनदा का भरायच्या? कारण ते नासतं.

माझे गुडघे! गुडघ्यांचं ते कौतुक आठवलं आणि मी सहाही कागदांच्या पुड्या बांधून ठेवल्या.

५

"डॉक्टरीणबाई, उंदराला नुसत्या दुधावर ठेवलं तर?"

"पिल्लांना ठेवतोच की. आई नसलेल्या पिल्लांसाठी पावडरचा डबा आहे ना कोठीत."

"मोठ्या उंदराला. आणि रक्तात हा जंतू असताना."

तिने बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाली, "हे फार जुनं आहे, मोठ्या बाई. शिकताना कुठेतरी वाचलं होतं. जंतूला वाढायला एक पदार्थ लागतो, दुधात तो जवळजवळ नसतो. उंदीर मजेत राहतो आणि जंतू उपाशी."

"मरतो?"

"सगळे नाही मरत. थोडे दबा धरून राहतात. काचेवर दिसणार नाहीत इतके थोडे. पुन्हा नेहमीचं खाणं सुरू केलं की काही दिवसांत..." ती उभीच राहिली. "म्हणजे तिने टोचलं होतं! आणि ते सिद्ध करता येईल! कुणी पाजलं दूध?"

"उंदीर जिवंत राहिले पाहिजेत," मी म्हणाले. "उद्या सकाळी त्यांना कुणी हात लावायचा नाही. बाकीचं माझं मी बघते."

६

कोठीत मी शब्द वाया घालवले नाहीत. पावडरचा डबा उचलला. रिकामा. त्या खोलीच्या खाद्याचे दोन डबे होते, एक उघडला. तळाशी हिरवी बुरशी, गोळ्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. वर गळकी वाफेची नळी, झाकणाची कडी तुटलेली.

"झाकण उघडं राहिलं," मुलगा म्हणाला. "एका रात्रीत सगळं भिजलं. उरलेलं तीनच पिंजऱ्यांना पुरत होतं. दुसऱ्या खोलीचं द्यायची परवानगी नाही. नवं पोतं गुरुवारी येणार. दूध म्हणजे उलट चांगलंच ना आई? उंदीर बघ कसे झालेत!"

"सांगायचं होतंस."

"दुसऱ्यांदा होतं. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा झालं तर घरी जा. तुझ्याच शब्दावर मी इथे आहे. तुझंही नाव गेलं असतं."

"माझ्या नावाला पुढे करू नकोस. जंतू दुधाने जातात हे तुला ठाऊक होतं?"

"नाही. तुझी शपथ, नाही."

"तेवढं मानलं. पण डॉक्टरांनी तोंडावर विचारलं, कुणी खाणं बदललं का. बायको शेजारी उभी होती. तू काय म्हणालास?"

तो बुरशीकडे बघत राहिला.

"ती खोटारडी ठरत होती आणि तू 'सगळं नेहमीसारखं' म्हणालास."

"मला वाटलं तिचं काहीतरी होईल. ती शिकलेली आहे. तिला दुसरीकडे मिळेल. मला कोण घेणार?"

या वाक्यावर मी हात उचलला होता. पण तो पुढे जे म्हणाला त्याने हात तिथेच राहिला.

"आणि तिला माहीत आहे, आई. शनिवारपासून माहीत आहे."

७

सून घरी ओट्यापाशी होती. नात शेजारच्या खोलीत चित्र रंगवत होती. मी दार ओढून घेतलं.

"शनिवारी काय झालं?"

तिने हात पुसले. "त्यांच्या सदऱ्याला आंबट दुधाचा वास आला. मी कोठीत जाऊन पावडरचा डबा पाहिला. मग वर जाऊन पुस्तक शोधलं. रविवारभर वाचलं."

"म्हणजे सोमवारी डॉक्टर बोलत होते तेव्हा उत्तर तुझ्या तोंडात होतं?"

"हो."

"आणि तू हातमोजे ओढत बसलीस!"

"ते शेजारीच उभे होते. मला वाटलं, ते सांगतील. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी वाट पाहिली. खूप वेळ पाहिली, आई. मग ते म्हणाले, नेहमीसारखं."

असं आमच्या घरात पहिल्यांदा झालं की मीही गप्प आणि तीही.

"मग मला सांगायचं होतंस," मी म्हणाले. "जिन्यात. मी विचारलं होतं."

"तुम्ही विचारलं होतं की तीन पिंजरे राहिले ना," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण शब्द ठळक होते. "तुम्ही ठरवूनच आला होता. त्यावर मी म्हटलं असतं की तुमच्या मुलाने केलं, तर? खरं सांगा. तुम्ही कुणाचं मानलं असतं?"

मला खोटं बोलता येतं, चांगलं येतं. पण त्या वेळी सुचलं नाही.

८

बुधवारी सकाळी आठला मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. सहा कागदांतला भुसा टेबलावर मांडला. त्यांनी नाक दाबलं. मी म्हटलं, दाबा, पण डोळे उघडे ठेवा. चुऱ्यापासून बाटल्यांपर्यंत आणि बाटल्यांपासून दुधापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या राहून हं हं करत होत्या.

"हा सगळा तर्क झाला," ते म्हणाले. "सुनेला वाचवायला सासू काहीही..."

"आमची सासू-सुनेची कीर्ती तुम्ही ऐकली नाहीत, साहेब. आणि सुनेला वाचवायला मी दुसऱ्या कुणाचं नाव घेणार आहे, ते आधी ऐका."

मी नाव घेतलं. मुलाचं नाव मी आयुष्यात हजारदा हाक मारायला घेतलं असेल, असं जड कधी झालं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ काय?"

"कळतंय. त्याला मीच आणलं होतं, तेव्हा मीच सांगणार. आता माझं एक ऐका. ते पंधरा उंदीर मारू नका. तेच साक्षीदार आहेत. आजपासून त्यांना गोळ्या घाला. रक्त सुनेने नको, डॉक्टरीणबाईंनी घ्यावं. टोचलं नसेल तर महिनाभर बघितलं तरी काच कोरीच राहील. टोचलं असेल तर जंतू परत येतील. तोवर कागद वर जाऊ देऊ नका."

एक, दोन, तीनच्या डब्यात थोड्या गोळ्या उरल्या होत्या, त्या गुरुवारपर्यंत सहाही पिंजऱ्यांत वाटल्या. गुरुवारी काच कोरी. शुक्रवारी कोरी. त्या दोन दिवसांत माझा मुलगा माझ्याशी बोलला नाही, सून त्याच्याशी बोलली नाही, आणि नात तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत जेवली. शनिवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका काचेवर एक दिसला, पण एकाने काही ठरत नाही. रविवारी मी मनात म्हटलं, बाई, तू मुलाला उगाच बुडवलंस की काय?

सोमवारी चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पिंजऱ्यातल्या पंधराच्या पंधरा उंदरांच्या रक्तात जंतू होते. मला मायक्रोस्कोपमधून दाखवले. गुलाबी चकत्यांमध्ये निळे ठिपके. एवढेसे ते, त्यांच्यासाठी आमचं घर उभं चिरलं.

सुनेचा कागद फाडला गेला. मोठ्या डॉक्टरांनी तिची माफी मागितली, बंद खोलीत. खोटारडी म्हटलं होतं चारचौघांत, माफी मात्र बंद खोलीत. मुलाला त्याच दुपारी किल्ली देऊन घरी जायला सांगितलं. जाताना तो धुलाईखोलीच्या दारात थांबला. "तू माझी आई ना?" एवढंच म्हणाला. मी हौदातून हात बाहेर काढेपर्यंत गेलाही.

सून खाली आली ती तासाभराने. अंगात पांढरा कोट, डोळे सुजलेले. ती माझ्यासमोर उभी राहिली. मान खाली. मला वाटलं आता ही आभार मानणार, आणि तेवढं मला सोसलं नसतं. म्हणून मीच बोलले.

"वर बघ. निकाल ऐकायचा तर मान वर करून ऐक. माझ्या मुलाने झाकण उघडं टाकलं ती चूक, आणि तुला बुडताना बघत राहिला तो गुन्हा. त्याची शिक्षा त्याला मिळाली, ती मी माफ करवून घेणार नाही. तूही सुटलेली नाहीस. तू त्याला वाचवायला गप्प बसलीस, आणि त्यापायी तुझ्या पोरीच्या आईवर खोटेपणाचा शिक्का बसत होता. तो तू बसू देणार होतीस. बारा वर्षं मी तुला बोलू दिलं नाही, हा माझा दोष, तो मी घेते. पण मी बोलू दिलं नाही म्हणून तू बोललीच नाहीस, हा तुझा. आजपासून त्या घरात माझ्या आवाजावर आवाज चढवायचा. मला राग येईल. येऊ दे. आज घरी गेल्यावर तो भांडेल, मी रडेन, आणि तू त्याला समोर बसवून, त्याने काय केलं ते सगळं स्वतःच्या तोंडाने सांगशील. माझ्या तोंडाने डॉक्टरांपुढे एकदा सांगून झालं आहे. दुसऱ्यांदा मला ते जमणार नाही."